बिनचेंडूचा डाव

“ठेवायची की घरी पाठवायची? एवढं एक सांगा, मास्तर.”

हेमराज देवतळे पायरीखाली उभा राहून विचारत होता. एका हातात त्याची ती जाडजूड वही, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

डोमाजी मास्तरांनी मान वर केली नाही. ते ओट्यावर बसून बास्केटची जाळी विणत होते. गाठ मारायची, ओढून बघायची, पुढची गाठ. विकतची जाळी त्यांना चालत नाही.

“कोणाला?”

“दुर्पताला. आणखी कोणाला!”

“हं...”

एवढंच. पुढची गाठ सुरू.

मी मागच्या सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होते. मी कुंदा. चाळीस वर्षांपूर्वी मी याच मैदानावर खेळायची, आता सामन्याच्या वेळी टेबलावर बसून गुणपत्रक लिहिते. हेमराज माझ्याच वेळचा. दोघंही मास्तरांच्या हाताखालचे. तो राज्याकडून खेळला आणि मी खेळले नाही, हे तो मला आजतागायत विसरू देत नाही.

“मास्तर, आज दहा वाजता कमिटीची मीटिंग आहे,” हेमराज म्हणाला. “कट्ट्यावरच्या बारा जणांनी या कागदावर सह्या केल्या. तुमची झाली की विषय संपला. कमिटी तुमच्या शब्दाबाहेर नाही.”

“कागदात काय आहे?”

“हेच, की तीन वर्षं झाली, पोरीची प्रगती नाही. तिची क्लबातली जागा दुसऱ्या कोणाला द्या.”

माझा पंप थांबला. कट्ट्यावर बोलणं चालतं ते मला माहीत होतं. पण सह्या झाल्या, हे नव्हतं माहीत.

दुर्पता म्हणजे दुर्पता उइके. गोंदियाकडची, देवरीच्याही पुढच्या एका खेड्यातली. सोळाव्या वर्षी शाळेच्या स्पर्धेत तिला उंच उडी मारताना कोणीतरी पाहिलं आणि नागपूरला आणून आमच्या क्लबात सोडलं. तोवर तिनं बास्केटबॉलला हातही लावला नव्हता. आता एकोणीस पूर्ण आहे. सहा फूट एक इंच. क्लबाच्या खोलीत चार मुलींबरोबर राहते, दारातून वाकून आत येते आणि तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटून घेतेच.

तिची उंची पाहून सगळे हरखले होते. पहिल्या वर्षी कट्ट्यानं गप्पांतच तिला थेट भारताच्या संघात नेऊन बसवलं. दुसऱ्या वर्षी महाराष्ट्राच्या संघापर्यंत खाली आणलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, अरे बाप्पा, हिला तर रिंगखालूनही टाकता येत नाही!

खोटं काहून बोलू? नव्हतंच येत. चेंडू हातात आला की पोरीचे हात दगडाचे व्हायचे.

आणि तिच्या गावी रिंगच नाही. क्लबातून गेली, म्हणजे खेळच संपला.

आता हा आमचा कट्टा. मैदानाच्या कडेनं लांबलचक सिमेंटचा कट्टा आहे, सकाळी तिथं पंधरा-वीस जण असतात. रिटायर झालेले, दुकान उघडायच्या आधी येणारे, काही जुने खेळाडू. हातात तर्री-पोह्यांच्या प्लेटा आणि तोंडात दुर्पता. एक गट शेषराव रंगाऱ्याचा. त्याचं म्हणणं, “उंची काय शिकवता येते का, राजेहो? थांबा, पुढच्या वर्षी बघा.” दुसरा गट हेमराजचा. त्याचं म्हणणं, “पुढचं वर्ष तीन वर्षांपासून ऐकून राहिलो मी.” दोघं इतके भांडत की पोहे थंड व्हायचे.

एका बाबतीत मात्र दोन्ही गटांचं एकमत असायचं. दुर्पतानं टाकायला हात उचलला, की चेंडू सुटायच्या आधीच साऱ्या कट्ट्याच्या तोंडून “च्च” निघायचं. मग चेंडू रिंगवर आपटायचा. मग हेमराज मोठ्यानं आकडा सांगायचा, “एकशे बारा!” म्हणजे या मोसमातली एकशे बारावी चूक.

मी दोनदा झापलं त्यांना. “आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलतो ना,” म्हणाले. आग लागो असल्या भल्याला!

“वाच,” मास्तर म्हणाले.

हेमराजला हेच हवं होतं. त्यानं वही उघडली, चष्मा लावला आणि ताठ उभा राहिला.

“एकवीस सामने. दोनशे चौदा वेळा टाकला, अठ्ठावन्न आत. फ्री थ्रो सत्तर, त्यातले एकोणीस. हातातून चेंडू निसटला, त्र्याहत्तर वेळा. आलेला पास सुटला...”

“अक्षर चांगलं आहे तुझं.”

“मास्तर, अक्षराचं काय घेऊन बसलात!”

“एका सामन्यात किती मिनिटं असते ती मैदानावर?”

“तीस. हाही एक प्रश्नच आहे. बाकीच्या मुली ऐकत नाहीत. ती बाहेर बसली की म्हणतात, दुर्पताला आत पाठवा.”

“काहून?”

“मैत्रिणी आहेत जी. एका खोलीत राहतात. दुसरं काय असणार?”

मलाही तसंच वाटायचं. सांगून टाकते, लपवून काय करू?

मास्तरांनी एक गाठ ओढली. ती नीट बसली नाही, म्हणून सोडली आणि परत मारली.

“त्या तीस मिनिटांत चेंडू तिच्या हातात किती वेळ?”

“असेल दोन मिनिटं... अडीच धरा.”

“मग बाकीची वही कुठं आहे?”

“बाकीची?”

“साडेसत्तावीस मिनिटांची.”

हेमराज हसला. चांगला मोठ्यानं हसला. मला म्हणाला, “ऐकलं का, कुंदा?” मग मास्तरांना समजावू लागला, लहान पोराला समजावतात तसा. “मास्तर, तेव्हा चेंडू तिच्याकडे नसतो. तेव्हाचं काय लिहिणार?”

मास्तरांनी जाळी खाली ठेवली.

...

“कुंदा, मैदानावर चेंडू किती आहेत?”

“पाच. दोन इथं माझ्याजवळ.”

“सगळे आत घे. कुलूप लाव.”

“सराव चालू आहे, मास्तर.”

“कुलूप लाव. आणि मुलींना म्हणावं, सामना लावा. पाच-पाच जणी, दहा मिनिटं.”

“आणि चेंडू?”

“कुलपात आहे ना.”

मी मास्तरांकडे पाहिलं. थट्टा करत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना थट्टा करताना पाहिलंही नाही.

“ज्याच्याकडे चेंडू आहे, त्यानं टाळी वाजवून तो द्यायचा,” ते म्हणाले. “ज्याला मिळाला, त्यानं टाळी वाजवून घ्यायचा. बाकी सगळे नियम तेच.”

मैदानावर गेले. मुली चेंडू आणून देऊ लागल्या. शेवटचा चेंडू दुर्पताच्या हातात होता. तिनं तो लगेच दिला नाही.

“ताई, दहा वाजताच आहे ना मीटिंग?”

म्हणजे हिला कळलं होतं. कट्ट्यावरचं बोलणं मैदानात ऐकू येत नाही, असं त्या शहाण्यांना वाटतं.

“हो गं.”

“भाऊ आला आहे माझा. गेटाबाहेर बसला आहे. म्हणाला, पेटी बांधून ठेव.”

“बांधलीस?”

“हो जी. बूट तेवढे राहिले. पायात आहेत.”

तिनं चेंडू माझ्या हातात ठेवला.

“आजचा शेवटचा दिवस, आणि चेंडूच नाही?” तिनं विचारलं.

“मास्तरांनी सांगितलंय.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि पळत जागेवर गेली.

मी कुलूप लावून ओट्यावर आले. हेमराज आता मास्तरांशेजारी बसला होता, वही मांडीवर. चेहऱ्यावर भाव असा, की म्हाताऱ्या माणसाचा मान राखायचा म्हणून बसलो आहे.

“लिही,” मास्तर म्हणाले.

“काय लिहू?”

“दिसेल ते.”

मी शिटी वाजवली.

पहिली दोन मिनिटं नुसता तमाशा! जुई लांजेवार, आमची नेहमी चेंडू घेऊन पुढे जाणारी पोर, हवेत हात आपटत पळाली आणि स्वतःच खुदकन हसली. दोन मुलींनी एकाच पासला टाळी वाजवली आणि त्यावरून भांडल्या. कट्ट्यावर तर जत्राच भरली. कोणी ओरडलं, “अरे चेंडू इकडे आला, उचलून घ्या!” कोणी म्हणालं, मास्तरांना डॉक्टरकडे नेलं पाहिजे. शेषराव रंगारीसुद्धा डोळे पुसत हसत होता.

एक दुर्पता तेवढी हसत नव्हती.

ती खेळत होती.

“मागं, मागं! जुई, डावीकडून येते!”

मी दचकले. हा आवाज कोणाचा? तीन वर्षं मी टेबलावर बसले, मला वाटायचं ही पोर मुकी आहे. ती तर सतत बोलत होती. कोण कुठून येतंय, कोणी कुठं सरकायचं, कोणाच्या पाठीमागे जागा झाली आहे. रोज बोलत असणार. कट्ट्याच्या गोंगाटात ते आम्हाला कधी ऐकूच आलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला मुलींचं हसणं थांबलं.

टाळ्या नीट पडू लागल्या. एक इथं, एक तिथं. दिला, घेतला. दिला, घेतला.

समोरच्या संघाची एक मुलगी रिंगकडे घुसली. दुर्पता दोन पावलं सरकून फक्त उभी राहिली. उडी नाही, हात नाही. घुसणारी मुलगी थबकली, वळली आणि परत बाहेर गेली.

थोड्या वेळानं दुसरी घुसली. तीही परतली.

मग तिसरी.

“हे...” हेमराज म्हणाला आणि थांबला.

“लिही ना,” मास्तर म्हणाले.

हेमराजनं पेन उघडलं. एक रेघ मारली. मग दुर्पता पुढे गेली, रिंगच्या डाव्या बाजूला पाय रोवून उभी राहिली, आणि जुईच्या मागे पळणारी मुलगी तिच्यावर येऊन थांबली. जुई मोकळी. हेमराजनं दुसरी रेघ मारली. दुर्पता वळली, तिच्याबरोबर दोघी वळल्या, कोपऱ्यात एक मुलगी एकटी सुटली. तिसरी रेघ. परत पळताना सर्वांत आधी कोण पोहोचलं? चौथी. कोणाला ढकलून जागेवर नेलं, पाचवी. कोणासाठी जागा सोडून स्वतः गर्दीत गेली, सहावी.

रेघा, रेघा, रेघा. पान भरलं. त्यानं दुसरं पान उलटलं.

मी हेमराजकडे बघायचं सोडून दिलं, कारण मैदानावर काहीतरी होत होतं.

टाळ्या बंद झाल्या होत्या.

कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना त्या लागेनातच. दहा मुली पळत होत्या, पास देत होत्या, घेत होत्या, आणि चेंडू कुठं आहे याबद्दल एकीचंही दुमत नव्हतं. दहाही डोकी एकदम वळायची. दहाही मुली एकदम पुढे, एकदम मागे. फरशीवर बुटांचा आवाज आणि मधूनच दुर्पताचं “हो... हो... आता!” एवढंच ऐकू येत होतं.

कट्टा गप्प झाला होता.

आमचा कट्टा! मी जन्मात तो गप्प पाहिला नव्हता. शेषरावच्या हातात पोह्यांची प्लेट तशीच होती, चमचा हवेत.

माझ्या अंगावर काटा आला. मी देवळात जाते, आरतीला उभी राहते, पण खरं सांगते, असं मला तिथंही कधी झालं नाही. मला चेंडू दिसत होता! आमच्याच क्लबाचा, एका बाजूला रंग उडालेला. मी तो माझ्या हातानं कुलपात ठेवला होता, किल्ली माझ्या मुठीत होती, आणि तो मला मैदानावर दिसत होता.

नववं मिनिट चालू होतं.

जुई उजवीकडून निघाली. दुर्पता वर आली, तिच्यासाठी आडवी उभी राहिली. धडक बसली, चांगली जोराची. दुर्पता हलली नाही. जुई आत शिरली, तशा दोघी तिच्यावर धावल्या. त्याच क्षणी दुर्पता रिंगकडे वळली, हात वर, सहा फूट एक इंच, आणि त्या दोघींबरोबर तिसरीही घाबरून तिच्याकडे पळाली. तिघी दोघींवर. आणि कोपऱ्यात, जिथं कोणीच बघत नव्हतं तिथं, जुईच्याच बाजूची सर्वांत लहान पोर एकटी उभी.

जुईनं पास दिला.

लहानीनं घेतला. पाय जुळवले. टाकला.

...

साऱ्या मैदानानं मान वर केली. कट्ट्यानं केली. मी केली.

“गेला!”

हेमराज उभा राहिला होता. दोन्ही हात वर, वही खाली पडलेली, चष्मा नाकावरून घसरलेला. बासष्ट वर्षांचा माणूस, राज्याचा माजी खेळाडू, ज्या चेंडूला कुलूप लावलं होतं तो रिंगमधून जाताना बघून ओरडला होता.

आणि समोरच्या संघाच्या मुली? एकीनंही वाद घातला नाही. त्यातली एक खाली मान घालून रिंगच्या मागे गेली, वाकली, चेंडू उचलला आणि रेघेबाहेरून आत टाकायला उभी राहिली.

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. आधी एक, मग सगळ्या.

मी शिटी वाजवायची विसरले. दहा मिनिटांची साडेदहा झाली.

शिटी झाल्यावर मुली गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या. दुर्पता लहानीच्या पाठीवर थाप मारत होती. मग तिला आठवलं असावं. तिनं ओट्याकडे पाहिलं आणि तिथंच थांबली.

हेमराज खाली बसला. चष्मा पुसला. परत पुसला.

“किती टाकले तिनं?” मास्तरांनी विचारलं.

“कोणी, दुर्पतानं? एकही नाही.”

“चेंडू किती वेळा आला तिच्याकडे?”

हेमराजनं आठवून पाहिलं. “नाही आला... एकदाही नाही आला, मास्तर.”

“चुकली किती?”

हेमराजनं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

मास्तरांनी हात पुढे केला. हाताची बोटं दोरीनं घासून लाल झाली होती.

“आण तो कागद. सही करतो.”

मला वाटलं, ओरडावं. मास्तर, एवढं सगळं दाखवून सही करता? पण मास्तरांपुढे मी आजही सोळा वर्षांची होते, ओठ उघडेनात.

हेमराजनं कागद घट्ट धरला होता. मास्तरांचा हात तसाच पुढे.

“दे ना. दहाला मीटिंग आहे म्हणालास. बारा जणांच्या सह्या आहेत.”

...

“हेमराज.”

“नाही देत, मास्तर.”

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांत यानं मास्तरांना कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. मास्तरांनी उन्हात पन्नास फेऱ्या सांगितल्या तेव्हाही नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी सरावाला बोलावलं होतं, तेव्हाही हळद लागलेल्या अंगानं आला होता.

“मघाशी सही मागत होतास.”

“मागत होतो. आता नाही देत. तुम्ही मला हाकलून दिलं तरी नाही देत.” त्याचा आवाज फाटला. त्यानं कागदाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि ते कुठं टाकावे हे न कळून शर्टाच्या खिशात कोंबले. “मीटिंगला मीच जातो.”

“जाऊन काय सांगशील?”

हेमराजनं तोंड उघडलं. हा माणूस कट्ट्यावर तास-तास बोलायचा, आकडे त्याच्या जिभेवर असायचे. आता त्याला एक आकडा सापडेना.

“म्हणेन... उद्या सकाळी मैदानावर या. म्हणेन, बसा आणि बघा. दुसरं काय सांगू? मला सांगताच येणार नाही हे.”

मास्तरांनी हात मागे घेतला. त्यांनी मान हलवली की नाही, मला नक्की नाही सांगता येणार. मला हलल्यासारखी वाटली.

कागदच नाही, म्हणजे कमिटीपुढे तक्रारच नाही. आणि तक्रार करणाराच उलटून बोलायला उभा राहणार म्हणजे कमिटी काय करणार होती कपाळ! मला आता राहवेना. मी ओट्यावरूनच ओरडले, “दुर्पते! जा, भावाला आत बोलाव! उन्हात काहून बसवलं त्याला? आणि पेटी सोड म्हणावं!”

तिला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हेमराजकडे. हेमराजनं मान खाली घातली. तेव्हा तिला कळलं. ती गेटाकडे पळत सुटली, बूट वाजवत, आणि अर्ध्या वाटेत तिचा रडतानाचा श्वास मला इथवर ऐकू आला.

माझेही डोळे भरले होते. का लपवू?

मास्तरांनी जाळी उचलून मांडीवर घेतली. सुटलेलं टोक शोधलं.

हेमराजनं जमिनीवरची वही उचलली. आधीची पानं उलटून पाहिली. सुंदर अक्षर, सुंदर तक्ते, तीन वर्षांचे. मग आजची दोन पानं पाहिली, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. शेवटच्या दोन मिनिटांत तर रेघाही नव्हत्या.

तो मास्तरांच्या पायरीवर येऊन बसला. ओट्यावर नाही, खाली पायरीवर, आम्ही सोळा वर्षांचे असताना बसायचो तिथं.

“मास्तर...”

“हं.”

“मी एक सामना चुकवला नाही तिचा. भंडाऱ्याला गेलो, अकोल्याला गेलो, ताप होता तेव्हाही गेलो. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. मला खेळ कळतो, हे तुम्हीच म्हणायचे.”

“कळतो तुला.”

“मग एवढं सगळं माझ्यासमोर चालू होतं... मला दिसलं काहून नाही?”

मास्तरांनी गाठ मारली. ओढून पाहिली.

“चेंडू आड येत होता.”